कावळ्याला दिलेला शब्द

समन्स बजावायला सगळ्यांत वाईट माणूस म्हणजे मेलेला माणूस. जिवंत माणूस फार तर शिव्या देतो, मागच्या दाराने पळतो, नाहीतर बायकोला पुढे करून घरात नाही म्हणून सांगतो. त्या सगळ्याला उपाय आहे. दाराला कागद चिकटवला की आपलं काम झालं. मेलेल्याचं तसं नाही. इसम मयत आहे असं लिहून कागद परत न्यावा लागतो, आणि मग वकील मंडळी आपल्यालाच विचारतात, वारस कोण? जणू मयताने मरताना बेलिफाच्या कानात सांगून ठेवलंय.

मी कल्याणच्या कोर्टात बेलीफ होतो. त्या चाकरीत माझे पाय झिजले, डोकं मात्र शाबूत राहिलं, कारण ते वापरायची कोणी परवानगीच दिली नाही. आता पारनाक्यावर बसून असतो. वकिलीची परीक्षा दिलेले लोक येता-जाता थांबतात आणि वारसाचा कायदा मला समजावून सांगतात. मी ऐकून घेतो. वारस म्हटलं की मला बांधपाड्याचा नाथाच आठवतो. तो ज्याचा वारस ठरला त्याच्या रक्ताचा नव्हता, भावकीतला नव्हता, आणि त्या म्हाताऱ्याकडून त्याला हौसेने घ्यावं असं काहीही मिळणार नव्हतं.

बांधपाडा म्हणजे ठाकुर्लीच्या खाली खाडीला टेकलेली थोडी घरं. कल्याणहून रुळाच्या कडेकडेने चालत गेलं की उजव्या हाताला चिखलाचा वास यायला लागतो, तिथे उतरायचं. वस्ती आगऱ्यांची. उघाडीचे महिने मिठागरावर आणि पावसाळ्यात खारातल्या, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीतल्या, भातावर, असं त्यांचं वर्ष. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस्स. ज्याचं शेत बांधाला लागून, बांधाचा तेवढा तुकडा त्याने राखायचा, अशी तिथली रीत. बांध राखणं म्हणजे काय हे कल्याणातल्या माणसाला कळायचं नाही. उधाणाचं पाणी त्याला रोज धुतं, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, त्याला भोकं पाडतात, आणि माणसाने ती भोकं बुजवत बसायचं. ह्याला शेवट नाही. आज बुजवलेलं भोक परवा दोन हात पलीकडे निघतं.

धोंडीबाचं शेत पाड्यात सगळ्यांत लहान, आणि त्याच्या वाट्याचा बांध सगळ्यांत वाईट. खाडी तिथेच वळते आणि वळताना तिथेच आदळते. म्हातारा एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि बांधावरून भांडून भांडून जवळचे नातेवाईकही त्याने तोडलेले. हातात ताकद होती तोवर त्याने तो तुकडा राखला. मग एका श्रावणातल्या उधाणात बांधाला खांड पडली, भगदाडच. बांधाच्या मागे कल्याणच्या हरिहरपंतांची मोठी जमीन होती, तिच्यात खारं पाणी घुसलं आणि भात जळून गेलं. पुढल्या वर्षी तेच. पाड्याची विहीरही त्यातच खारावली.

हरिहरपंतांनी दावा लावला. मागणं एवढंच, की धोंडीबाने बांध पुन्हा घालून द्यावा आणि पुढे त्याने व त्याच्या वारसांनी तो राखावा. वकील गुरुदत्त म्हणून होते, नीटनेटके, पागोट्याची घडी कधी न मोडणारे. आता मी वकिलांबद्दल वाकडं बोलतो हे खरं, पण दावा खोटा नव्हता. पंतांचं भात खरंच जळलं होतं. पंत माणूसही वाईट नव्हता. माझा अनुभव असा आहे, की वाईट माणसांच्या दाव्यांतून लोक सुटतात, हात दगडाखाली सापडतो तो चांगल्या माणसांच्या दाव्यांत.

पहिलं समन्स मीच घेऊन गेलो. धोंडीबा बांधावर बसला होता, मांडीएवढ्या चिखलात पाय सोडून. त्याने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, कागद चांगला जाड आहे असं म्हणाला, आणि घडी करून चिंबोरीच्या भोकात कोंबला. वरून चिखल थापला. सरकारी कागदाचा इतका उपयोग झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तारखा पडल्या. दिवाळीनंतरची नोटीस घेऊन मी पुन्हा गेलो तर पाडा रिकामा. एका म्हातारीने खाडीकडे हात दाखवला. तिथे सगळे गोळा झालेले, मध्ये एक डोकं भादरलेला तरुण, आणि समोर केळीच्या पानावर पिंड. धोंडीबा तापाने गेला होता आणि त्याचा दहावा चालला होता. मयत म्हणून लिहायचं तर दोन साक्षीदार लागतात, म्हणून मी खाडीकाठच्या तिवराच्या झाडाच्या सावलीला उभा राहिलो. पुढे जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तो भादरलेला तरुण म्हणजे नाथा. धोंडीबाच्या कुडाला त्याचा कूड लागून होता, एवढंच त्यांचं नातं. नाथाची बायको तुळसा म्हाताऱ्याला कधी पेज, कधी कालवण नेऊन द्यायची. म्हातारा गेला तेव्हा मडकं कोण धरणार हा प्रश्न आला. पाड्याचा पुढारी गणू पाटील म्हणाला की नाथाचं घर जवळ, नाथा धरील. नाथाला नाही म्हणता येत नसे. त्याला कोणी टोपली उचलू लाग म्हटलं, तर हा ती त्याच्या घरी नेऊन ओतून येणार. त्याने मडकं धरलं, अग्नी दिला, डोकं भादरून घेतलं, आणि मुलगा करतो ते सगळं केलं.

आता कावळा शिवेना. कावळे होते, तिवरांवर रांगेने बसलेले, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे मयताच्या मनातलं ओळखायला सुरुवात झाली. कोणी म्हणालं, तुझ्या घरावर नवा पेंढा घालू. कोणी म्हणालं, एकविरेला तुझ्या नावाने कोंबडा देऊ. कोणी त्याच्या मेलेल्या बायकोच्या नावाने जेवण कबूल केलं. कावळे माना वाकड्या करून ऐकत होते. ऊन चढलं. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कोणाच्या तोंडात अन्न जायचं नाही, आणि लहान पोरं भुकेने रडायला लागली. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, त्याचा जीव बांधात आहे, बांधाचं बोला.

गणू पाटील आपल्या पायाचा अंगठा निरखून पाहू लागला. त्याचा जीव बांधात आहे हे सुरुवातीपासून सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणूनच तर पेंढा आणि कोंबड्याच्या गोष्टी चालल्या होत्या. बायका लांब उभ्या होत्या, त्यांच्यात तुळसा होती, पोटुशी. तिने कमरेवर हात ठेवला आणि ती हळूहळू जमिनीवर बसली. नाथाने ते पाहिलं. तो पिंडाकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "बांध मी राखीन, धोंडीबा. जेव आता."

कावळा आला. एक नाही, तीन आले. लोकांनी मोकळा श्वास घेतला, हसले देखील. मलाही बरं वाटलं, कारण मीही सकाळपासून उपाशीच होतो. त्यांच्या पंक्तीला जेवलो, दोन साक्षीदारांची निशाणी घेतली, आणि इसम मयत असं लिहून कल्याणला आलो.

आता ह्यात कोर्टाला कळायचं कारण नव्हतं. पण पाड्यातल्यांना ते लपवावंसं कशाला वाटेल? कावळा कसा अडला आणि नाथाने कसा सोडवला, हे गणू पाटील कल्याणच्या बाजारात मीठ विकताना ज्याला-त्याला कौतुकाने सांगत होता. गुरुदत्त वकिलांच्या कानावर ते गेलंच. आणि नाथा तर त्याच्याही पुढचा. शब्द दिलाय म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून टोपली घेऊन धोंडीबाच्या बांधावर जाऊ लागला होता. वकिलांनी अर्ज दिला, की मयताचं क्रियाकर्म ह्याने केलं, मयताची मिळकत हा वहिवाटतो, सबब मयताच्या जागी ह्याचं नाव घालावं.

ती नोटीस घेऊन मी गेलो तेव्हा तुळसा दारात मडकी बांधत होती. मडकी कशाला बांधतेस विचारलं तर खुशीत आली. तिचा भाऊ परशुराम कळव्याला होता, मिठागरात त्याचा वाटा होता, आणि त्याने ह्या दोघांसाठी कूड उभा करून ठेवला होता. तिथे गोड्या पाण्याची विहीर होती. पाड्याची विहीर खारावली त्या साली तुळसाची पहिली मुलगी हगवणीने गेली होती. हे दुसरं मूल गोड्या पाण्यावर जन्मावं, एवढंच तिला हवं होतं. पौष सरला की ती दोघं निघणार होती. मी नोटीस वाचून दाखवली. तिने हातातली दोरी खाली ठेवली.

"कावल्याला बोलला तो," ती म्हणाली, "मंग कोर्टाला कुनी सांगितला?"

नाथा ओल्या चिखलाच्या हातांनी तसाच उभा. मी त्याला आडोशाला घेतलं. बेलिफाने असं करू नये, पण केलं. म्हटलं, हे बघ, हे सोपं आहे. मुन्सफसाहेब विचारतील, तू मयताचा वारस आहेस का? तू म्हणायचं, नाही, मी शेजारी आहे, कोणी नव्हतं म्हणून अग्नी दिला. एवढं बोल आणि कळव्याला जा. नाथाने मान हलवली. तुळसाने माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं आणि नाथाकडूनही म्हणवून घेतलं. पाड्यातून निघालो तेव्हाही ती त्याला ते घोकवतच होती.

तारखेला ती दोघं पहाटेच निघून आली होती. तिला बाहेर वडाखाली बसवलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नाथा शहाणा नव्हता तरी त्याचे पाय पायरीवर अडखळले. मुन्सफ गोरे नव्हते, आपल्यातलेच, तिकडे रत्नागिरीकडचे. नुकतेच आईचं कार्य करून रजेवरून आले होते, डोक्यावर केस जेमतेम उगवलेले. त्यांनी नाथाला शपथ दिली. गुरुदत्त वकिलांनी विचारलं, अग्नी दिलास का? दिला. दहाव्याला बांध राखीन म्हणालास का? बोललो. कोणासमोर? सगळ्या पाड्यासमोर. तेव्हापासून बांधावर माती टाकतोस का? टाकतो.

मुन्सफसाहेबांना नाथाची दया आली असावी. त्यांनी वकिलांना थांबवलं आणि स्वतः सांगितलं, की दहाव्याला बोललेला शब्द कायद्यात धरत नाहीत, भांडण नसताना माणूस पुष्कळ बोलतो. मग नाथाकडे वळून म्हणाले, "तू धोंडीबाचा वारस आहेस का? नसशील तर नाही म्हण आणि घरी जा. तुला कोणी अडवत नाही."

दार उघडं होतं. एवढं उघडं दार मी त्या कोर्टात दुसऱ्या कोणासाठी पाहिलं नाही. मी मागे उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, बोल बाबा, नाही म्हण. नाथाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. बाहेर वडाखाली बायको, आणि इकडे तो म्हातारा, ज्याचं जगात कोणी नाही आणि जो ह्याच्या एका शब्दावर जेवून गेला. आयुष्यात कधी कुणाला नाही न म्हटलेल्या माणसाला पहिलं नाही म्हणायचं होतं, तेही मेलेल्या माणसाला.

"नाय बोललो तं तो परत उपाशी ऱ्हाईल," नाथा म्हणाला. "कावला जेवलाय साहेब. सगल्यांनी बघितलाय."

वकील हसले. मुन्सफसाहेब हसले नाहीत. त्यांनी एकदा आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस राखीन म्हणाला होतास?"

"ते नाय बोललो."

साहेबांनी लेखणी उचलली. पुढे जे झालं ते संमतीने झालं असं कागदावर आहे. नाथा मयताच्या जागी उभा राहिला. बांध त्याने पुन्हा घालावा आणि पुढे त्याने व त्याच्या वारसांनी राखावा असं ठरलं. खाली नाथाने नांगराची निशाणी केली. त्याच्या घरात नांगर नव्हता, पण निशाणी नांगराचीच करायची असते.

तुळसा वडाखालून उठून उभी राहिली होती. नाथाच्या चेहऱ्यावरून तिला अर्धं कळलं, उरलेलं मी सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, वारस म्हंजे कोन? मी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. परतीच्या वाटेने ती नाथाच्या पुढे चालत होती, आणि दिसेनाशी होईपर्यंत मागे वळली नाही.

पुढची वर्षं सांगायला फार नाहीत, आणि तीच तर दुःखाची गोष्ट आहे. नाथाने खांड भरली. दगड आणले, चिखल आणला, तिवरांच्या फांद्या मधे घातल्या. पंतांच्या शेतात पुन्हा भात उभं राहिलं. पंत दर दिवाळीला पाड्यात नवं भात पाठवायचे. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. मूल झालं, मुलगा, काळुराम. विहीर खारीच राहिली. तुळसा रोज चोळे गावाच्या वरच्या अंगाच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन यायची, आणि त्या पाण्यातलं एक भांडंही नाथाला देत नसे. तो विहिरीचं प्यायचा. ही शिक्षा होती की दोघांत ठरलेलं होतं, मला कधी कळलं नाही. मी गेलो की मला मात्र हंड्यातलं मिळायचं.

नाथा कुठेच जाऊ शकत नसे. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न कळव्याला, तुळसा आणि पोर आदल्या दिवशी गेली. नाथा दुसऱ्या दिवशी नवं धोतर नेसून निघाला. मुंब्र्यापर्यंत पोचला, खाडी फुगलेली पाहिली आणि तिथूनच माघारी फिरला. बांधाला काही झालं नव्हतं. असं किती वेळा झालं असेल. आगगाडी त्याच्या डोळ्यांसमोरून दिवसातून कितीदा जायची. तो तिच्यात कधी बसला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, अरे, पंत कुठे रोज बघायला येतात, चार दिवस जा की. तर म्हणाला, पंतांचं काय नाही, तो बघतो. कोण तो, हे विचारायची गरज नव्हती. तिवरांवर कावळे बसलेले असायचेच.

मला त्याचा राग यायचा. अजून येतो. एवढं साधं वाक्य, बायकोने घोकवून दिलेलं, ते ह्या माणसाला बोलता आलं नाही, आणि त्याने स्वतःबरोबर तिलाही त्या चिखलात रोवलं. पण रागावून त्याच्या ओट्यावर बसलो, की तो आपला हसून घोंगडी झटकून द्यायचा, आणि मग काय बोलणार? मेलेल्या शेजाऱ्याशी खोटं न बोलणाऱ्या माणसाला शिव्या द्यायच्या तर कोणत्या द्यायच्या, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

काळुराम मोठा झाला तसं तुळसाने त्याला बांधावर पाऊल टाकू दिलं नाही. बापूस टोपली वाहतोय आणि पोऱ्या घरात बसलाय, म्हणून लोक नावं ठेवायचे. तिने ती ऐकून घेतली. कल्याणच्या रेल्वेच्या यार्डात कामाला माणसं घेतात असं कळलं, तेव्हा ती माझ्याकडे आली. माझ्या ओळखीने एका मिस्त्रीकडे तो चिकटला. कल्याणात खोली घेऊन राहिला. लग्नही तिकडेच केलं. बापाला भेटायला यायचा तो ओट्यावर बसून जायचा.

माझी चाकरी संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी भाद्रपदात नाथा गेला. बांधावरच गेला. छातीत कळ आली म्हणून बसला, तो उठला नाही. निरोप मला काळुरामनेच आणून दिला. दहाव्याला मी गेलो. तीच जागा, तेच तिवर, आणि मध्ये भादरलेला काळुराम. गणू पाटील आता काठी टेकत होता. पिंड ठेवला. कावळे बसलेलेच होते.

शिवेनात.

ह्या वेळी कोणी पेंढ्याचं बोललं नाही, कोंबड्याचंही नाही. सगळे काळुरामकडे पाहू लागले. त्याला काय बोलायचं ते पाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर ढग होते, वारा खाडीकडून येत होता, आणि भरती चढत होती. गणू पाटील शेवटी म्हणाला, बोल रे पोरा, बापूस खोळंबलाय. काळुरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो नाथाचाच मुलगा. त्याने हात जोडले. मला त्याच्या ओठांकडे पाहवेना.

"नाय," तुळसा म्हणाली.

ती बायकांमधून पुढे आली. तसं येत नाहीत, पण आली. तिने काळुरामच्या तोंडावर हात धरला, लहान मुलाच्या धरावा तसा. मग पाड्याकडे वळून म्हणाली, "पोऱ्या काय बोलनार नाय. दर्भाचा कावला करा."

कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला टेकवतात, हे शास्त्रात आहे. पण ते लाजिरवाणं. त्याचा अर्थ असा, की मयत उपाशी गेला आणि घरच्यांनी जाऊ दिला. गणू पाटील काठी आपटून बोलला, बाई, ज्याने परक्याला उपाशी ठेवलं नाही त्याला तू उपाशी ठेवतेस? तुळसाने काळुरामच्या तोंडावरचा हात काढला नाही. अखेर दर्भ आणला, त्याची गाठ मारून पिंडाला लावली, आणि लोक एकमेकांकडे न बघता पांगले. काळुरामला दोघांनी धरून नेलं. तो मागे वळून वळून पिंडाकडे पाहत होता.

तुळसा तिथेच बसून राहिली. मीही जरा लांब थांबलो. म्हातारपणी चिखलातून घाईने चालवत नाही, हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे मला जाववेना. ती बराच वेळ पिंडाकडे बघत होती. मग पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि पुढे वाकून काहीतरी बोलली. शब्द ऐकू आले नाहीत. एक कावळा तिवरावरून उतरला, पानाभोवती फिरला, आणि त्याने चोच घातली. बाकीचे त्याच्यामागे आले.

ती उठली. पाड्याच्या दिशेने न जाता ती बांधाकडे निघाली. तिथे नाथाची टोपली तशीच उपडी पडली होती, ती तिने सुलटी केली. मी गाठेपर्यंत तिने पहिला चिखल भरलासुद्धा. मी विचारलं, तुळसाबाई, काय सांगितलंस त्याला? मला वाटलं सांगणार नाही. तिने भोक शोधलं, चिखल थापला, वरून हात फिरवला.

"बोलली, मी राखीन," ती म्हणाली. "मी हाय तवर. म्होरं नाय."